भावजींच्या नावानं घासलेले दात

मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरीणबाई माझ्या तोंडात आरसा घालून आत निरखत राहिल्या. वादातल्या जमिनीचा सातबारा तलाठी निरखतो, तशा. मग म्हणाल्या, "काका, ही दाढ गेली. इथं इम्प्लांट बसवता येईल. हाडात स्क्रू आणि त्यावर दात. पण रोजची स्वच्छता तुमच्याच्यानं होईल का?"

हे त्यांनी माझ्या उरलेल्या दातांकडं बघत विचारलं होतं, त्यामुळं उत्तराची वाट काही पाहिली नाही. मीच आपला अब्रू राखायला म्हणालो, "आमच्या घराण्यात ती विद्या आहे. माझ्या आत्यानं असे दात फार छान सांभाळले होते."

"मग त्यांच्यासारखं करा की."

"करतो. पण त्यासाठी आधी एक वैरी लागतो."

बाईंनी आरसा काढून घेतला. त्यांना वाटलं भुलीचं इंजेक्शन डोक्यात गेलं. ते त्यांनी अजून दिलंच नव्हतं.

गयाआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर हट्टा, सासर जवळा बाजार. उंच, काटक, आणि चालायची ती जरा पुढं वाकून, जणू समोरच्याशी भांडण सुरू करायला उशीर होतोय. तिची एक रीत उलटी होती. ज्याच्यावर जीव, त्याला ती शिव्या द्यायची. ज्याचा राग, त्याला अहो-जाहो. मला ती "मुडद्या" म्हणायची आणि मी सुखात होतो. एखाद्या दिवशी तिनं "बापूराव, या बसा" म्हटलं असतं, तर मी तसाच पुढच्या एसटीनं परत गेलो असतो.

राग तिला विसरता येत नसे. बायका डाळ जशी दर वर्षी उन्हात घालतात, कीड लागू नये म्हणून, तशी ती आपले राग मधून मधून बाहेर काढून ऊन दाखवायची. तिच्या लग्नात सासरच्या कुणा मावळणीनं, म्हणजे नवऱ्याच्या आत्यानं, तिला चिरलेल्या पेल्यातून पाणी दिलं होतं. ती मावळण मरून पंचवीस वर्षं झाली होती, तरी आत्या म्हणायची, "पेला दुसरा होता फळीवर. मी बघितला होता."

पण हे सगळे किरकोळ. मोठा राग एकच, आणि तो समोरच राहायचा. किसनराव. तिचा दीर.

आत्याचे यजमान लवकर गेले. मुलगी सासरी नांदत होती. आत्या एकटीच शेत करायची. तिचं आणि किसनरावांचं रान वाटणीनंतर शेजारी-शेजारी आलं होतं, मध्ये फक्त धुरा. धुरा म्हणजे दोन रानांमधली गवताची पट्टी. किसनराव दर नांगरटीला त्या पट्टीतलं एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्यात घ्यायचे. एकच. कुणाच्या डोळ्यावर येऊ नये इतकंच. आत्याच्या मात्र पावलावर यायचं. ती दर वर्षी आपलं रान पावलांनी मोजायची, आणि तिचं पाऊल काही वर्षागणिक मोठं होत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका नांगरटीला ती सरळ जाऊन धुऱ्यावर बसली. बैलांच्या तोंडापुढं.

"वहिनी, उठा."

"न्हाई उठत, भावजी."

"बैल थांबून राहिलेत."

"बसू द्या त्याह्यलाबी. धुरा मोप रुंद होता, आता तुमी-मी अन् दोन बैल, चौघंबी मावत न्हाई, तो भाग निराळा."

किसनरावांनी बैल हाकायची काठी उलटी धरली आणि बुडख्यानं तिच्या तोंडावर मारली. वरचे समोरचे तीन दात गेले.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. माझ्या वडिलांबरोबर मीही गेलो होतो. मागं उभा होतो, जिथून पळायला सोपं जातं तिथं. किसनराव टोपी काढून म्हणाले, "वहिनी ढेकळाला ठेचकाळल्या अन् दगडावर पडल्या. म्या उचलून आनलं उलट." पंचांनी मान हलवली. त्यातल्या दोघांना किसनरावांनी त्याच आठवड्यात पेरायला बी दिलं होतं. तिसरे म्हणाले, "घरातलं हाय, घरात मिटवा. बाईमानसानं बैलासमोर बसावं काहून?"

माझे वडील चिडले, पण मोठ्यानं नाही. चिडायचं आमच्या घराण्यात आहे, मोठ्यानं मात्र फक्त आत्याकडं गेलं.

आत्या उभी राहिली. तोंडाला पदर, पदराला रक्त. ती काहीतरी बोलली. दात नव्हते, नुसती हवा आली. पंच म्हणाले, "काय म्हन्ते?" ती पुन्हा बोलली. पुन्हा हवा. मग तिनं पदर काढला, ओठ हातानं धरले आणि एकेक अक्षर सुटं करून तिसऱ्यांदा सांगितलं:

"भावजी. तुमच्या तेरवीला मी येईन. अन् तेरवीचे कळीचे लाडू दातानं फोडून खाईन."

हे सगळं आदरार्थी. म्हणून जास्त भीती वाटली.

आमच्याकडं तेव्हा तेराव्याच्या जेवणाला गुळाच्या पाकातले कळीचे लाडू करायचे. पाक जरा पुढं गेला की असा लाडू भिंतीला मारावा आणि भिंतीची चौकशी करावी. दात असलेली माणसंही तो खिशात घालून घरी न्यायची आणि खलबत्त्याकडं द्यायची. किसनराव पारावरच हसले. "लाडू फोडायला दात लागतेत, वहिनी," म्हणाले.

त्यानंतर बरीच वर्षं आत्यानं काढता-घालता येणारे दात वापरले. त्या दातांचा आणि तिचा स्वभाव जमला नाही. ती आवाज चढवायची आणि ते उतरायचे. एकदा गावातल्या लग्नात, भर पंगतीत, वाढप्यानं तिला भात कमी वाढला म्हणून ती ओरडली, आणि दातांची पट्टी सुटून वरणात पडली. समोरच्या रांगेतून किसनराव म्हणाले, "वाढप्या, आमच्या वहिनीला दुसरं वरण दे रे. ह्या वरनात दात येऊन राहिलेत."

अख्खी पंगत हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. आत्यानं ते पाहिलं. पट्टी वरणातून काढली, पदराला पुसली आणि पुढं दोन महिने मला "बापूराव" म्हणत होती.

त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून मी तिला नांदेडला नेलं. मी तेव्हा तिथं नोकरीला होतो, आणि स्क्रूचे दात बसवणारा एक तरुण डॉक्टर नुकताच आला होता. आत्यानं गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडली आणि तो विषयच संपवला. डॉक्टरनं प्लास्टिकचा जबडा हातात घेऊन समजावलं: दोन स्क्रू, त्यावर तीन दात, हाड स्क्रूला धरायला पाच-सहा महिने, मग पक्के.

आत्यानं विचारलं, "किती वर्षं राहतेत?"

"निगा राखली तर पंधरा, वीससुद्धा."

आत्यानं डोळे मिटून हिशेब केला. किसनराव तिच्याहून दोन वर्षांनी मोठे, गालात चोवीस तास तंबाखू. डोळे उघडून म्हणाली, "पुरे झाले."

मग डॉक्टरनं निगा सांगितली. मऊ ब्रश, दोन वेळा. हिरडीच्या कडेनं हलक्या हातानं. स्क्रूच्या फटीत घालायला एक इवलासा ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू म्हणावं असा. दातांच्या पुलाखालून ओढायला दोरा. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मिश्री बंद. समोरच्या दातांनी सुपारी, ऊस, कडक काही तोडायचं नाही.

"लाडू?" आत्या म्हणाली.

"लाडू मऊच असतो, आजी."

"माझा न्हाई. पर एकच खायचा हाय. एकदाच."

डॉक्टर हसला. "एक चालेल."

"बापू, ऐकलं ना? डाक्टरची परवानगी हाय," आत्या मला म्हणाली. मग डॉक्टरनं शेवटचं सांगितलं. "आजी, ह्या दाताला नस नसते. आत काही बिघडलं तरी दुखणार नाही, कळणार नाही. म्हणून रोज आठवणीनं साफ करायचं."

आत्या खुर्चीतून उठता उठता म्हणाली, "दुखत न्हाई म्हनून इसरायचं न्हाई. हेच ना? हे नका शिकवू मला, डाक्टर. दुसरं काई असंल तर सांगा."

पक्के दात बसल्यावर तिनं महिनाभर गावात पदर तोंडावरून काढला नाही. बाजाराच्या दिवशी काढला. किसनराव कापसाच्या गाडीशी उभे होते. आत्या गेली, समोर उभी राहिली आणि हसली. दहा वर्षांत ती हसलेली कुणी पाहिली नव्हती, त्यामुळं आधी लोकांना वाटलं बाईला झटका आला. किसनरावांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

तेव्हापासून जे सुरू झालं त्याला मी दात घासणं म्हणणार नाही. दोघांची घरं बोळीच्या दोन बाजूंना, ओट्यासमोर ओटा. सकाळी किसनराव चहाचा कप घेऊन बाहेर आले की आत्या तांब्या, वाटीत मीठ, आरशाचा तुकडा आणि दोन्ही ब्रश घेऊन आपल्या ओट्यावर यायची. त्याआधी नाही. ते एकदा परभणीला गेले, तर ती दुपारपर्यंत पारोशी बसून राहिली होती.

आधी मोठा ब्रश. वरून खाली, एकेक दात, घाई नाही. डोळे आरशात नाहीत, समोर. मग ते ब्रशचं पिल्लू फटीत घालायची आणि सुतार भोकात गिरमिट फिरवतो तसं फिरवायची. मग दोरा. दोरा पुलाखालून ओवून दोन्ही हातांनी मागंपुढं ओढताना ती किसनरावांकडं अशी बघायची की दोरा कुणाच्या गळ्याभोवती आहे असं तिला वाटतंय, हे त्यांनाही कळत असावं. शेवटी गुळणी. ती बोळीच्या बरोबर मध्यापर्यंत जायची. मध्याच्या पलीकडं थेंब नाही. हद्द तिनं स्वतः कधीच ओलांडली नाही.

"भावजी, चहा थंडा होऊन राहिला तुमचा," असं म्हणून ती आत जायची.

रात्रीचं जेवण झालं की पुन्हा तेच. किसनरावांनी मध्यंतरी मागच्या अंगणात बसायला सुरुवात केली. आत्यानं त्यांच्या सुनेकडं निरोप धाडला: "भावजी दिसले न्हाईत. तब्येतीची काळजी वाटली." गाव काय म्हणेल म्हणून ते परत पुढं येऊन बसले.

ते छोटे ब्रश फक्त नांदेडला मिळायचे आणि पाठवायचं काम माझ्याकडं. एकदा मी विसरलो. चौथ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. आत्या गावातल्या एसटीडी बूथवरून, सगळ्या जवळा बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात: "मुडद्या, किती दिलं रे तुला भावजींनी? फुटलास ना त्याह्यला?" मी आमच्या साहेबांसमोर उभा होतो. साहेबांना आजही वाटतं की मी कुणाची तरी लाच खाल्ली.

आणि एवढं करूनही ती चुकली. चुकली ती अशी की तिच्याशिवाय कुणी तशी चुकणार नाही. आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावायच्या. बोट दातांवर फिरवत, डोळे अर्धे मिटून, तासभर. आत्याची मिश्री चाळीस वर्षांची. डॉक्टरनं बंद सांगितली होती, पण तिनं त्यातून वाट काढली: स्क्रूचे दात सोडून बाकीच्यांना लावायची. "त्याह्यला लावतच न्हाई मी. ते वायले." जणू तोंडातही धुरा होता आणि तंबाखू तो पाळत होता.

दीड-दोन वर्षांनी तपासणीला नेलं. डॉक्टरनं हिरडी दाबली आणि रक्त आलं. फोटो काढला. एका स्क्रूजवळचं हाड झिजायला लागलं होतं. "असंच चाललं तर वर्षात हा हलायला लागेल, आजी. दुखलं नाही ना? म्हटलं होतं मी."

आत्या त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेली पाहिली. हात मांडीवर, बोटं एकमेकांत. "तो कसा हाय, बापू?" तिनं मला विचारलं. मला वाटलं स्क्रू. "बरा होईल म्हणतात," मी म्हणालो.

"स्क्रू न्हाई रे. किसन्या. तो हाय ना अजून धडधाकट?"

मी म्हणालो, "आहे."

"मंग मला थांबाया पायजे."

डॉक्टरनं हिरडीखालून सगळं खरवडून साफ केलं. घरी आल्यावर आत्यानं मिश्री चुलीत घातली, डबीसकट. शेजारणी रोज दुपारी तिच्यासमोर बसून मिश्री लावायच्या आणि ती नुसती तोंड वळवून तूर निवडायची. डबी पुन्हा आली नाही. मी म्हटलं, "आत्या, कमाल केलीस."

"तुहे आतोबा गेले तवा सारे म्हनले, मिश्री सोड, देवाला वाहा. न्हाई सुटली," ती म्हणाली. "नवऱ्यासाठी सुटली न्हाई, किसन्यापायी सुटली. बघ आता, कोनाचा जीव कोनावर ते."

पुढच्या फोटोत हाड जागच्या जागी थांबलं होतं. डॉक्टरनं तो फोटो दवाखान्यात लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला की ह्या आजींसारखी इच्छाशक्ती हवी. कसली इच्छा, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

दोन हजार उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. किसनरावांचे दात एकेक करून गेले, मग गालात काहीतरी झालं, मग ते ओट्यावर येईनासे झाले. त्यांची खाट दारातून दिसेल अशी आत टाकलेली. आत्यानं आपली जागा दोन हात सरकवली, दारातून दिसावं म्हणून. शेवटच्या दिवसांत त्यांना नुसतं पातळ चालायचं. आत्या सकाळ-संध्याकाळ घासत होती. ते बघत होते. काय बघत होते देव जाणे. मी एकदा म्हटलं, "आत्या, आता पुरे की."

"पुरे म्हन्नारा तू कोन? दात तुहे पडले का?"

ते गेले. तेरवीला आत्यानं सकाळी अर्धा तास जास्त लावला. धुवट लुगडं नेसली. मी तिच्या शेजारी पंगतीला बसलो. ह्या खेपेला हसायचं नाही एवढं ठरवून. पत्रावळी आल्या. वरण, भात, भाजी, पुऱ्या. मग थोरली सून स्वतः वाढायला आली आणि तिनं आत्याच्या पानात शिरा वाढला. तुपानं थबथबलेला, मऊ.

"लाडू?" आत्या म्हणाली.

"लाडू न्हाई केले, काकू."

"काहून? तेरवीला लाडू असतेत."

सून ओशाळली. इकडंतिकडं बघून हळू म्हणाली, "मामंजीनंच सांगून ठेवलं. बोलाया येत नव्हतं त्याह्यला, तरी दोनदा सांगितलं. 'तेरवीला वहिनी येतीन. लाडू करू नका. शिरा करा. त्याह्यला चावायला काई ठेवू नका.'"

आत्या पानाकडं बघत राहिली. मीही. त्या माणसाला शेवटी तिच्या दातांची काळजी वाटली, की शेवटचा टोला त्यानं मारून घेतला? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि मला आजही ठरवता येत नाही. आत्यानं मात्र एका क्षणात ठरवलं.

"मेला," ती म्हणाली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला उघड अरे-तुरे केलं. "मरतानीबी धुरा सरकवला."

पानावरून उठायची रीत नाही. तिनं शिरा खाल्ला. सगळा. पण एक घासही चावला नाही. जिभेवर ठेवायची आणि पाण्याबरोबर गिळायची. तीन दातांना त्या घरचा कण लागू दिला नाही. सुनेनं पुन्हा वाढू का विचारलं तेव्हा म्हणाली, "नको, सूनबाई. बसा आता तुमी." सूनबाई, आणि अहो-जाहो. सूनही बिचारी वैऱ्यांच्या यादीत गेली.

मी त्या रात्री तिथंच राहिलो. मला वाटलं, आता हे संपलं. बाई उद्यापासून घासायचीच नाही, कुणासाठी घासेल? सकाळी उठून बाहेर आलो तर समोरच्या घराला कुलूप. लेकरं आपापल्या गावी परतलेली, ओटा रिकामा. आणि इकडच्या ओट्यावर आत्या, तांब्या, मीठ, दोन्ही ब्रश. फक्त आज ती समोर बघत नव्हती. मान पार मागं टाकून, तोंड आभाळाकडं आ करून ब्रश फिरवत होती.

"आत्या, मान अवघडेल. असं काहून घासून राहिलीस?"

तिनं ब्रश बाजूला केला, पण मान खाली केली नाही.

"वरून बघून राहिला असंल त्यो. खालून नुसते म्होरचेच दिसत व्हते त्याला," ती म्हणाली. "आता मागच्या दाढाबी दिसू दे."